दार बसेपर्यंत

सुतारानं दार खांद्यावरून उतरवलं, चौकटीत उभं केलं, एकदा ढकललं, एकदा ओढलं, आणि पेन्सिल कानावर खोचून तो उंबऱ्यावर बसला. दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं आणि खाली पेन्सिल जाईल एवढी फट राहत होती.

"वहिनी, दार सरळ आहे," तो म्हणाला. "चौकट वाकडी बसलीय."

म्हातारी आतली सिमेंटची धूळ झाडून काढत होती. तिचा झाडू थांबला. सुतारांच्या तोंडून आजवर तिनं पुष्कळ ऐकलं होतं, पण इतकं गोड कधी ऐकलं नव्हतं.

"किती वाकडी?"

"दोन सूत. पाव इंच म्हणा. जास्तच असेल, कमी नाही."

"मग आता?"

"आता काय? चौकट ठेकेदाराची, ठेकेदार येऊन काढेल. तो गेलाय लांब कालव्याच्या कामावर. आठ दिवस, दहा दिवस, त्याची मर्जी."

दहा दिवस. म्हातारीनं झाडू भिंतीला टेकवला आणि सुताराला चहा विचारला. एरवी ती सुताराला पाणीसुद्धा नाइलाजानं द्यायची.

त्याला कारण होतं. म्हातारीचा नवरा गवंडी. गाव त्याला मिस्त्री म्हणे, म्हणून ती मिस्त्रीणबाई. मिस्त्री लोकांची घरं बांधायचा आणि बांधता बांधता त्यांतच राहायचा. ही चोरी नव्हती, तशी रीतच होती. पाया खणला की वाळू, सिमेंट, सळया येऊन पडतात, त्यांच्यावर नजर ठेवायला माणूस लागतो. भिंत उभी राहिली की तिला सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारायला माणूस लागतो. गवंडी बायकोसकट तिथंच राहिला की दोन्ही कामं होतात, आणि एका कुटुंबाला आसरा दिल्याचं समाधान मालकाला फुकटात मिळतं. मग गिलावा होई, फरशी होई, खिडक्यांना गज लागत आणि सगळ्यांत शेवटी सुतार दार घेऊन येई. दार बसलं की त्याच दिवशी मिस्त्रीची ट्रंक, पत्र्याचे दोन डबे आणि गोधड्यांचं गाठोडं पुढच्या पायाकडे निघे. चूल न्यावी लागत नसे. ती तीन विटांची असे आणि विटा जाऊ तिथं मिळत.

अशी बेचाळीस वर्षं झाली. गावात एवढी नवीकोरी घरं कुणी भोगली नव्हती. मोठमोठ्या माणसांना जन्मात एक बंगला मिळतो. मिस्त्रीणबाईनं बंगल्यांमागून बंगले वापरले, फक्त त्यांना दारं नव्हती. दाराच्या जागी ती गोणपाट टांगायची. एकुलती एक मुलगी तिला झाली ती मास्तरांच्या घरात, जिथं आता मास्तरांचं स्वयंपाकघर आहे तिथं. ओल्या भिंतींशेजारी झोपून झोपून तिचे गुडघे असे धरले होते की बसायच्या आधी तिला उठायचा विचार करावा लागे.

स्वतःचं घर व्हायचंच होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिस्त्रीनं एक पितळेचं कुलूप आणून ठेवलं होतं. घर त्याच्यामागून येणार होतं. कुलूप अजून ट्रंकेत होतं, आणल्या दिवशी होतं तसंच चकचकीत. वापरच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कचेरीतला कारकून सरकारी घरकुलांसाठी बिनघरवाल्यांची यादी करत हिंडत होता. तेव्हा ही दोघं एका दुमजली घराच्या दिवाणखान्यात मुक्कामाला होती. कारकुनानं वर बघितलं, भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, घर तर पक्कं आहे. म्हातारीनं सांगितलं की साहेब, हे आमचं नाही. कारकून म्हणाला की कुणाचं आहे असा रकाना कागदावर नाही, कच्चं की पक्कं एवढाच आहे. त्यावर मिस्त्रीला राहवलं नाही.

"पक्कं म्हणजे?" तो म्हणाला होता. "मी बांधलंय. शंभर वर्षं हलणार नाही."

कारकुनानं तसं लिहून घेतलं.

तेही एक वेळ चाललं असतं, कारण पुढचा पाया कुठं ना कुठं खणलेला असायचाच. पण दोन वर्षं पाऊस आला तसा गेला. तळ्यात चिखल राहिला, मग चिखलाला भेगा पडल्या. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, तेही तासभर. कचेरीनं बांधकामाला पाणी वापरायची मनाई केली आणि तसा कागद चिकटवला. त्यामुळे यंदा गावात एकाही घराचा पाया खणला गेला नव्हता. डेअरीवाल्याचं हे घर शेवटचं. ते मनाईच्या आधी स्लॅबपर्यंत आलं होतं, म्हणून कसंबसं पुरं झालं. आता फक्त दार राहिलं होतं. ते बसलं की निघायचं, हे ठरलेलं. कुठं, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

हे घर मिस्त्रीनं बांधलंही नव्हतं. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात पिकत होता, आणि परांचीवर चढला की पोटऱ्या थरथरत. ठेकेदार एके काळी त्याच्याच हाताखाली घमेली वाहायचा. त्यानं म्हाताऱ्याच्या हातात पाण्याचा पाइप दिला आणि, काका, तुम्ही आता बसून भिंतीला पाणी मारा, असं मोठ्या मायेनं सांगितलं. मिस्त्रीनं पाणी मारलं. चौकट बसवली त्या दिवशी तो मागच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्याच्या कामात डोकावू नये, असं तो म्हणायचा. रुसला होता, असं म्हातारी म्हणायची.

सुतारानं चहा संपवला तशी ती हळूच म्हणाली, "भाऊ, चौकटीचं ह्यांना सांगू नका."

सुतारानं मागच्या अंगणाकडे बघितलं. तिथं मिस्त्री उन्हात बसून थापीच्या पात्यावरचा गंज विटेच्या तुकड्यानं घासत होता. वर्षभर त्या थापीला काम नव्हतं, पण घासणं रोज चालू होतं.

"कळलं तर काय करतील?"

"सरळ करतील," म्हातारी म्हणाली.

सुतार हसला. मग त्याचं हसू ओसरलं. त्यानं मिस्त्रीबरोबर निम्मं आयुष्य काम केलं होतं. डेअरीवाल्याला काय ते आपण सांगू, लाकूड जरा वाळू दे म्हणू, असं म्हणून त्यानं दार आतल्या भिंतीला उभं करून ठेवलं आणि तो गेला.

म्हातारीनं त्याच दुपारी मिस्त्रीच्या पिशवीतून भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा काढला. लोखंडी, नारळाच्या कोवळ्या बोंडाएवढा, वरचा दोरा बोटांच्या घामानं काळा झालेला. दोऱ्यासकट तिनं तो तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसला आणि वरून तांदूळ सारखे केले. डब्यात तांदूळ फार नव्हते, त्यामुळे तळ गाठायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती जागा बघायला निघाली. जागा म्हणजे फार काही नाही. गोठ्याची कड, जिन्याखालचा कोपरा, अडगळीची खोली. गावातली कुठली घरं कुठं मोकळी आहेत हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मास्तरांच्या घरामागं न्हाणीला लागून एक खोली होती. ती खोली मिस्त्रीनं बांधली तेव्हा ती दगड उचलून देत होती.

मास्तरीणबाईंनी तिला आत घेतलं, पण आधी पाय पुसायला सांगितले. फरशी नवीन घातली होती. म्हातारीनं पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि ज्या स्वयंपाकघरात तिची मुलगी जन्मली होती त्याच्या दाराशी ती उभी राहिली. मास्तरीणबाईंनी मुलीची चौकशी केली, गुडघ्यांची चौकशी केली, पाण्याच्या टंचाईबद्दल दोघींनी सुस्कारे सोडले. मग म्हातारीनं खोलीचं काढलं.

मास्तरीणबाईंना वाईट वाटलं. ते तोंडावर दिसत होतं. पण खोलीत जुन्या वह्या होत्या, मास्तर त्या टाकू देत नव्हते, आणि पाहुणेरावळे आले तर दिसायला बरं दिसत नाही. शिवाय एकदा राहायला दिलं की माणसाला निघ म्हणायचं कुणी?

"आम्ही निघतो बाई," म्हातारी म्हणाली. "आम्हांला निघायची सवय आहे."

"तसं नाही गं. तू काय परकी आहेस?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि आठवल्यासारखं करून पुढं बोलल्या, "बरं झालं आलीस. मिस्त्रींना पाठव ना जरा. मोरीचं पाणी भिंतीत मुरतंय. त्यांनीच बांधलीय, त्यांनाच कळेल."

आणखी दोन घरी ती गेली. एका घरी कुत्रं नवीन होतं. दुसऱ्या घरी खोली देऊ म्हणाले, पण म्हाताऱ्या माणसांचं काही झालं तर उगाच आमच्या डोक्याला ताप, असंही म्हणाले. त्या घराचा जिना मात्र जरा खचला होता, तेव्हा मिस्त्रींना पाठव. ती परत आली तेव्हा तिच्याकडे जागा एक नव्हती आणि नवऱ्यासाठी कामं दोन होती, तीही मैत्रीखातर करायची.

मिस्त्री घरात पिशवी उपडी करून बसला होता.

"माझा ओळंबा कुठं गेला गं?"

"मला काय माहीत? कुठं टाकला असाल."

"मी ओळंबा टाकत नाही."

हे खरं होतं. त्यानं आयुष्यात बरंच काही टाकलं होतं, पण ओळंबा नाही. तो दोन दिवस शोधत राहिला. वाळूच्या ढिगात हात घालून, विटांच्या मागं, पाइपाच्या वेटोळ्यात. डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे तो हातानं शोधे आणि शोधता शोधता भिंतींवरून तळवा फिरवी. म्हातारी त्याला पुढच्या खोलीकडे जाऊ देत नव्हती. तिथं फरशी ओली आहे म्हणायची. पाण्याची अशी टंचाई असताना फरशी रोज ओली कशी, हे त्यानं विचारलं नाही. तो दुसऱ्याच नादात होता.

सुताराच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. सुतार कामावरून मुद्दाम वाट वाकडी करून आला आणि फोन म्हातारीच्या हातात देऊन लांब जाऊन उभा राहिला. मुलगी सासरी, तालुक्याच्या गावी, दीड खोलीत सहा माणसं. तिनं सासूकडे शब्द टाकला होता. सासू नाही म्हणाली नव्हती.

"आई, तू ये," मुलगी म्हणाली. "सासूबाईंचं कंबरेचं दुखणं आहे, त्यांना मदत होईल. तुला त्या राहू देतील."

"आणि हे?"

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला.

"बाबांना पुरुषमाणूस म्हणून कुठंही पडता येईल गं. देवळात, शाळेच्या ओट्यावर. तुझं तसं नाही ना."

म्हातारीनं जावयाची तब्येत विचारली, नातवंडांची विचारली. आमची काळजी करू नकोस, म्हणाली, दार अजून बसायचंय. फोन परत देताना तिनं तो पदरानं पुसला. मिस्त्रीला तिनं हे बोलणं सांगितलं नाही. मुलगी खुशाल आहे एवढंच म्हणाली.

पाणी यायचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. म्हातारी उजाडायच्या आधी हंडा आणि कळशी घेऊन नळावर गेली. रांग तिच्याही आधी उजाडली होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिचा नंबर लागला आणि कळशी अर्धी भरली तोच नळानं फसफस केली आणि तो बंद पडला. हंडा तिनं आधी भरून घेतला होता म्हणून बरं. डोक्यावर हंडा, कमरेवर अर्धी कळशी, अशी ती पाय ओढत आली आणि अंगणातच तिला छिन्नीचा आवाज ऐकू आला.

मिस्त्री चौकटीपाशी गुडघ्यावर बसला होता. डाव्या बाजूचा गिलावा फुटून खाली ढीग झाला होता. चौकट सुटी करून, खाली-वर लाकडाच्या पाचरी मारून त्यानं ती उभी केली होती. आणि चौकटीच्या वरच्या टोकाला एक नाडी बांधली होती. म्हातारीच्या दुसऱ्या परकराची, दोरीवर वाळत घातलेल्या. नाडीच्या खालच्या टोकाला ते पितळेचं कुलूप लटकत होतं. लटकत म्हणजे अगदी स्तब्ध, जमिनीकडे बोट दाखवल्यासारखं.

"आलीस?" तो म्हणाला. "ये, बघ. दोन सूत बाहेर होती. दोन! आणि कुणी बोलायला तयार नाही."

म्हातारीनं हंडा उतरवला. उतरवताना थोडं पाणी सांडलं. ते अंगणाच्या मातीत लगेच मुरलं.

"तुम्हांला कुणी सांगितलं हे करायला?"

"हाताला लागलं. सकाळी ओळंबा शोधत होतो, इथं हात ठेवला, हाताला लागलं. आधी वाटलं आपलाच हात कापतोय. म्हणून मग कुलूप बांधून बघितलं." तो हसला. त्याच्या भुवयांवर सिमेंट होतं. "बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कामाला आलं बघ ते."

बोलायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं: ओळंब्याचं, सुताराचं, मास्तरीणबाईंचं, फोनचं. आणि तो इतका खूश होता. कितीतरी महिन्यांनी तो असा ताठ बसला होता.

"जरा पाणी दे," तो म्हणाला. "मसाला कालवायचाय."

पिण्याचं पाणी होतं. तीन दिवसांचं. कळशी तिच्याच कमरेवर होती. त्यानं ती हातातून घेतली आणि वाळू-सिमेंटच्या आळ्यात ओतली. मग थापीनं मसाला चौकटीच्या मागं ठासला, वर गिलावा ओढला, लाकडी फळीनं सपाट केला, आणि शेवटी मागं सरून एक डोळा मिटून बघितलं. ज्या डोळ्यानं बघितलं त्यातच मोतीबिंदू पिकला होता. पण त्याला बघायची गरज नव्हती. त्यानं नुसता तळवा फिरवला.

"आता पुढं कुणी नाव ठेवणार नाही."

नाव कुणाला ठेवलं असतं? काम ठेकेदाराचं होतं, घर डेअरीवाल्याचं, गाव पाण्याच्या मागं. हे तिनं मनात म्हटलं, मोठ्यानं नाही. तिनं नाडी सोडवून परकरात परत ओवायला घेतली. कुलूप त्यानं पुसून ट्रंकेत ठेवलं.

ताज्या मसाल्याला पाणी लागतं. पहिले तीन दिवस तर लागतंच. नाही मिळालं तर तो पांढरा पडतो, केसासारख्या भेगा जातात, आणि चौकटीला धरून ठेवायची ताकद त्याच्यात राहत नाही. दार बसवायला गेलं की सगळं भुसभुशीत होऊन खाली येतं. हे मिस्त्रीणबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हेच. पाणी मारलंच नाही तर?

मिस्त्री त्या रात्री दमून गाढ झोपला. सकाळी उठला तेव्हा त्याचा खांदा भरला होता आणि हात वर उचलत नव्हता. पाणी मारायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. मारते, म्हणाली ती. आणि बसून राहिली.

सकाळ गेली. ती मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं, फक्त मधेच बोटाला लोखंड लागे. दुपारी ती काहीतरी आणायला पुढच्या खोलीत गेली. उघड्या चौकटीतून ऊन थेट गिलाव्यावर पडलं होतं. वरच्या कोपऱ्यात मसाला पांढरा पडायला लागला होता. राखेसारखा. ती बघत उभी राहिली. पांढरा ठिपका वाढत होता की तिला तसं वाटत होतं, कोण जाणे. एखाद्या तान्ह्या पोराचे ओठ सुकावेत तसा तो दिसत होता. तिनं तोंड फिरवलं, दोन पावलं गेली, आणि परत आली. पाणी न मारलेला गिलावा तिला बघवेना. बेचाळीस वर्षं तिच्या समोर एकही भिंत तहानलेली राहिली नव्हती.

तिनं हंड्यातून तांब्या भरला आणि बोटांनी शिंपडायला सुरुवात केली, वरून खाली, हलक्या हातानं, मसाला धुऊन जाऊ नये असं. मग दाराचं जुनं गोणपाट भिजवून वर टांगलं. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तीन वेळा, तिसऱ्या दिवशी तीन वेळा. प्यायला पाणी मोजून घोटभर राहिलं. मिस्त्रीला ती म्हणाली की आज नळाला कमी आलं. गिलाव्याला मात्र तिनं कमी पडू दिलं नाही. एकदा तिनंच स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि त्याला म्हणावंसं वाटलं की बाबा, तू कुणाच्या बाजूनं आहेस?

चौथ्या दिवशी डेअरीवाला मोटारसायकलवरून चालला होता. चौकट बघून तो थांबला. आत आला, तळवा फिरवला, सगळे फिरवतात म्हणून, आणि त्यानं तिथूनच सुताराला फोन लावला.

सुतार आला. त्यानं चौकट बघितली, मिस्त्रीकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं. म्हातारी खाली बघत होती.

"कुणी केलं हे?" त्यानं विचारलं. उत्तर माहीत असलेला प्रश्न माणूस विचारतो तसा.

"आपणच," मिस्त्री म्हणाला. "पोरं घाईत करतात. त्यांना काय बोलायचं?"

सुतारानं दार उचललं. मनात असतं तर त्यालाही काही करता आलं असतं. एखादी बिजागरी चुकली असती, रंधा कमी-जास्त लागला असता. डेअरीवाला बाजूला उभा होता, पण डेअरीवाल्याला लाकडातलं काय कळतंय? सुतारानं बिजागऱ्या लावल्या, स्क्रू आवळले, दार ढकललं. दार एकाही ठिकाणी न घासता फिरलं आणि टक असा एकच आवाज करून बसलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. ते त्यानं लगेच लपवलं, पण म्हातारीनं बघितलं. हातात हत्यार असलेल्या माणसाचं हे असंच होतं, हे तिला आता कळून चुकलं होतं.

"कागद जात नाही फटीत," मिस्त्री दारावरून बोट फिरवत म्हणाला. "बघा मालक, कागद."

डेअरीवाल्यानं खिशातला कागद घालून बघितला. गेला नाही. तो फार खूश झाला. मिस्त्री, जुनं ते सोनं ते उगाच नाही म्हणत, असं काहीसं तो बोलला. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "मावशी, आम्ही उद्या सामान आणतोय. भाड्याच्या घरात जीव नकोसा झालाय हो. आपलं घर ते आपलं घर. तुम्हांला नाही कळायचं."

"नाही," म्हातारी म्हणाली. "घाई नाही ना? भांडी आवरते."

"आवरा, आवरा. संध्याकाळपर्यंत आवरा."

पाइप गुंडाळून ठेवला. चुलीच्या तीन विटा होत्या तिथं ठेवल्या, त्या डेअरीवाल्याच्या होत्या. मिस्त्रीनं फरशीवरचे मसाल्याचे डाग खरवडून काढले. कुणी सांगितलं नव्हतं. निघताना दार त्यानंच ओढून घेतलं आणि ते टक वाजलं तसं तो क्षणभर तिथंच थांबला, पुन्हा उघडून पुन्हा लावावं की काय अशा विचारात. म्हातारीनं ट्रंकेची एक कडी त्याच्या हातात दिली.

"कुठं?" रस्त्यावर आल्यावर त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

गावाबाहेर फाट्यावर बसथांबा होता. तीन भिंती, वर स्लॅब, आत सिमेंटचा बाक आणि चौथी बाजू सगळी उघडी. चालता चालता म्हातारीनं त्याचा विचार केला होता. त्या जागेत एक मोठा गुण होता. तिला कधी दार बसणार नव्हतं.

बाकाच्या एका टोकाला त्यांनी ट्रंक ठेवली, खाली गाठोडं, कोपऱ्यात दोन डबे. थोड्या वेळानं एक बस आली आणि त्यांना बघून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. म्हातारीनं हात हलवून नको म्हटलं. कंडक्टर पुटपुटला, बस गेली. तासाभरानं दुसरी आली, तीही थांबली. तिच्यातून उतरलेल्या एका बाईनं, आजी, कुठं निघालात, असं आपुलकीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. तिसरी बस तालुक्याची होती. तिच्यावर मुलीच्या गावाची पाटी होती. म्हातारीनं पाटी वाचली नाही, तिला वाचता येत नव्हतं, पण बसचा रंग तिला माहीत होता. दार उघडलं.

"चढायचं का आजी?"

ती उठून उभी राहिली. तिचे गुडघे वाजले. मग तिच्या लक्षात आलं की आपण उठलोय, आणि ती साडी झटकल्यासारखं करून पुन्हा बसली.

"चढायचं नाही तर थांब्यात बसता कशाला?" ड्रायव्हर आतून म्हणाला. "आम्हांला थांबावं लागतं."

बस गेल्यावर धूळ खाली बसायला वेळ लागला. सुतार सायकलवरून आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलीचा पुन्हा फोन आला होता, काय सांगू असं तो म्हातारीला विचारत होता. त्याला थांब्याच्या आत यायचं धाडस होईना. तो सायकल धरून रस्त्यावरच उभा राहिला.

"सांगा, दार बसायचंय अजून," म्हातारी म्हणाली.

सुतारानं मान हलवली. मग थोडं रेंगाळून, हँडलवरची पिशवी बाकाच्या कडेवर ठेवून, तो गेला. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि दाराचं काम करताना उरलेली गोणपाटाची घडी.

तिनं भात टाकायला तांदळाचा डबा उघडला. चूल नव्हती, हे तिला डबा उघडल्यावर आठवलं. आत हात गेला तो सरळ तळाला लागला. मग ओळंबा बाहेर काढून तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

मिस्त्रीनं तो उचलला. दोऱ्यातून तांदळाचा एक दाणा खाली पडला. त्यानं ओळंब्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि तिच्याकडे बघितलं. काय कळलं आणि काय नाही, ते त्याच्या डोळ्यांवरून समजत नव्हतं. त्या डोळ्यांवरून हल्ली काहीच समजत नव्हतं.

"तुझ्याकडे होता," तो म्हणाला.

"हो."

तो अंगठ्यानं दोऱ्याची गाठ चाचपत होता. मग उठला, थांब्याच्या मागच्या भिंतीपाशी गेला, हात जाईल तितका वर नेऊन त्यानं दोरा भिंतीला धरला आणि ओळंबा खाली सोडला. खांदा दुखत होता म्हणून दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला होता. ओळंबा झुलला, स्थिर झाला. तो वाकून खालची फट बोटानं मोजू लागला.

"भिंत बाहेर आहे गं," तो म्हणाला. "चांगली तीन सूत. एखाद्या दिवशी येईल कुणाच्या तरी अंगावर."

"येऊ दे."

"दोन दिवसांचं काम आहे."

म्हातारी उठली. त्याच्या हातातून दोरा घेतला, ओळंब्याभोवती नीट गुंडाळला, तो डब्यात तळाशी ठेवला, झाकण दाबून लावलं. मग डबा भिंतीशी सरकवला आणि त्याच्यावर बसली.